तिची वही आधी परत द्या

प्रश्न : मुलीला नीटमध्ये कमी गुण मिळाले. पुन्हा परीक्षा द्यायला सांगितलं, तर म्हणते, आर्क्टिकमधल्या मिथेनचा अभ्यास करायचाय. अलास्कातल्या गोठलेल्या तळ्याला भोक पाडून वायू पेटवतात, तो व्हिडिओ पाहिल्यापासून हेच खूळ. तिची टिपणांची वही मी काढून घेतली. बर्फात हिंडून पोट भरतं का? तुम्हीच समजवा. (एक पालक, सांगली जिल्हा)

उत्तर : गुणांचं नंतर बघू. वही काढून घेतलीत हे वाचून मला फार वाईट वाटलं. कोणी न सांगता मुलगी टिपणं काढते, हे क्लासची फी भरून मिळत नाही हो. मोबाइल काढून घेणं मी समजू शकते, वही नाही. शिवाय तुमच्या अख्ख्या पत्रात तिचं एकही वाक्य नाही.

हा अभ्यास म्हणजे बर्फात हिंडणं, हा तुमचा गैरसमज आहे. हजारो वर्षं गोठलेली जमीन वितळली की तिच्यातला पालापाचोळा सूक्ष्मजीव कुजवू लागतात. जमीन कोरडी राहिली तर त्यातून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड निघतो. पाणी साचून आत हवा पोचली नाही तर मिथेन, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो सुमारे २८ पट जास्त उष्णता धरतो. म्हणून कुठली जमीन खचून तळं होईल, हा इथला कळीचा प्रश्न. गोबरगॅसच्या टाकीत आणि भातखाचरातही याच गटातले जीव मिथेन तयार करतात. नीटसाठी केलेलं जीवशास्त्र इथे रोज लागतं. कामाचा मोठा भाग मातीचे नमुने, प्रयोगशाळा आणि संगणक यांतच जातो.

रस्ता सांगते : आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा, किंवा सूक्ष्मजीवशास्त्र वा रसायनशास्त्रात बीएस्सी आणि पुढे एमएस्सीसाठी 'जाम' ही प्रवेश परीक्षा. पदवीलाच 'पर्यावरणशास्त्र' घेऊ नका. आधी एक मूळ विषय पक्का होऊ द्या. ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था गोव्यात वास्कोला आहे, आणि आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर भारताचं 'हिमाद्री' केंद्र २००८ पासून आहे. पीएचडी धरून नऊ-दहा वर्षं जातील, हे तिलाही स्पष्ट सांगा. व्हिडिओतल्या ज्वाळेवर एवढी वर्षं निघत नाहीत.

मी तिला समजावणार नाही. वही आजच परत द्या आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. त्या वहीत काय आहे, ते मला तिच्याकडूनच ऐकायचंय.