निष्काम कर्म आणि बौद्धिक दिवाळखोरी

प्रिय पोरी,

परवाच्या कबड्डी सामन्याहून परतताना एसटीत तू विचारलंस, "बाई, मी शिवी कुठं दिली? मग पंचांनी ताकिदीचं हिरवं कार्ड कशापायी दाखवलं?" मी खिडकीकडं तोंड करून बसले. मागच्या सीटवर सगळा संघ कान टवकारून होता, आणि उत्तर एवढं लांब होतं की विट्याहून सांगली येईपर्यंत संपलं नसतं. म्हणून लिहितेय.

आधी कौतुक. पूर्वार्धात ती लाल जर्सीतली मुलगी दोनदा चढाईला आली, हात हलवले आणि रिकामी परत गेली. तू डाव्या कोपऱ्यातून, आवाज न चढवता म्हणालीस, "निष्काम कर्मयोग चाललाय ताईंचा. फळाची अपेक्षाच नाही." मी गुणलेखकाशेजारी भडंग खात होते, ठसकाच लागला. तिसऱ्या चढाईला गुण आणणं तिला भागच होतं. या खेपेला तू शब्दही काढला नाहीस, नुसते हात जोडलेस. तिला हसू फुटलं, दम सुटला, शिट्टी वाजली. बाहेर जाताना तिनं तुझ्या पाठीवर एक थाप मारली. ती थाप मी नीट बघितली. त्या थापेसाठीच हे पत्र लिहितेय म्हण.

कबड्डीत बोलायचं म्हणजे काय, याचा तू कधी विचार केलायस का? क्रिकेटमध्ये सगळ्यांची तोंडं मोकळी असतात, तरी चेंडू येताना फलंदाजाचं लक्ष मुद्दाम उडवलं तर पाच धावांचा दंड आहे. आपल्याकडं चढाई करणारीचं तोंड 30 सेकंद एकाच शब्दाला बांधलेलं. तिच्या मैत्रिणींनी बाहेरून सूचना ओरडल्या तर गुण आपल्याला. म्हणजे 12 बाय 8 मीटरच्या त्या चौकटीत सात जणी मोकळ्या तोंडाच्या आणि एक जण बांधलेली. तिनं दम घ्यायचा आणि आपण दम द्यायचा! मराठीनं एकाच शब्दात दोन्ही बाजू कशा बसवल्यात बघ. पण जिला उलट बोलता येत नाही तिच्याशी आपण बोलतोय, हे पकड करताना विसरलं तरी चालेल, तोंड उघडताना विसरू नको.

आता उत्तरार्ध. ती उंच मुलगी चढाईत ओलांडायच्या निदान रेषेशी घसरून पडली, आपल्या कव्हरला खेळणारीनं तिला धरलं. ती अजून जमिनीवर होती आणि तू वरून म्हणालीस, "काय ही बौद्धिक दिवाळखोरी!" कुणी हसलं नाही. तिनं तुझ्या ओठांकडं बघितलं, मग आपल्या कोचकडं. तिला शब्दच कळला नव्हता. एवढंच कळलं की आपल्याला काहीतरी म्हटलंय आणि ते चांगलं नाही. पंचांनाही तेवढंच कळलं असणार. कार्ड शब्दाला नव्हतं, पडलेल्या पोरीवर उभं राहून बोलण्याला होतं. आणि खरं सांगू? शब्दही चुकीचाच होता. पाय घसरला तर त्यात बुद्धीचा काय संबंध? 'निष्काम कर्म' जागच्या जागी बसलं कारण डोळ्यांसमोर तेच घडत होतं: कर्म होतं, फळ नव्हतं. शिवाय हरिपाठ, कीर्तन ऐकलेल्या कुठल्याही घरात तो शब्द पोचलेला असतो. 'बौद्धिक दिवाळखोरी' तू अग्रलेखातून उचललीस आणि पिशवीतून आणलेल्या दगडासारखी टाकलीस.

माझंही एक सांगते. आजवर कुणाला सांगितलेलं नाही, त्यामुळं संघात बोभाटा करू नको.

मी अकरावीत होते. वाळव्याकडच्या एका गावात जत्रेचे सामने, मातीचं मैदान, ट्यूबलाइटचा उजेड. समोरच्या संघात एक थोराड पोरगी होती, उजव्या कोपऱ्याला. जागची हलायची नाही, पण हातात सापडलं की संपलं. तिनं मला दोनदा दाबलं. तिसऱ्यांदा मी सुटून आले आणि रेघेवरून ओरडले, "ए जडभरत!" आमच्या बाकावर हशा. मराठीला वर्गात पहिली यायचे ना मी. सामना झाल्यावर नळावर पाय धुताना ती शेजारी आली. "मघाशी काय म्हनलीस गं मला?" रागानं नाही, खरंच विचारत होती. शाळा तिनं चौथीत सोडलेली, ऊसतोडीला जायची. माझी जीभ टाळ्याला चिकटली. म्हणाले, "जडभरत म्हणजे... लई ताकदवान." तिला एवढा आनंद झाला की काय सांगू. दुसऱ्या दिवशी उपांत्य सामन्यात तिची अख्खी आळी मैदानाभोवती ओरडत होती, "जडभरत! जडभरत!" आणि ती एकेकीला उचलून आपटत होती. मी खाली मान घालून बसले होते.

पुढं कॉलेजात भागवतातली गोष्ट वाचली. जडभरत मठ्ठ नव्हताच गं. तो ज्ञानी होता, मठ्ठपणाचं नुसतं सोंग घेतलेलं. रहूगण राजाच्या पालखीला त्याला जुंपलं. पायाखाली किडामुंगी येऊ नये म्हणून तो जपून पावलं टाकायचा आणि पालखीला हिसके बसायचे. राजानं आतून टोमणा मारला: दमलास वाटतं, एकट्यानंच एवढं ओझं वाहिलंस! अगदी आपल्या मैदानावरचा टोमणा. त्यावर जडभरत जे बोलला ते ऐकून राजा खाली उतरला आणि त्याच्या पाया पडला. मला शब्द माहीत होता, गोष्ट माहीत नव्हती. त्या पोरीला दोन्ही माहीत नव्हतं, तरी नाव शोभलं तिलाच.

परदेशातली उदाहरणं तुला आवडतात, म्हणून घे. 1962 च्या नोव्हेंबरात लॉस एंजेलिसला वीस वर्षांचा कॅशियस क्ले, म्हणजे पुढचा मुहम्मद अली, आर्ची मूरशी लढला. मूर वयानं दुपटीहून मोठा आणि भारदस्त शब्दांचा शौकीन. ठोसे चुकवायच्या आपल्या कलेला तो 'एस्केपॉलॉजी' म्हणायचा, जणू विद्यापीठातला विषयच. क्लेनं उत्तरादाखल पोरासोरांच्या बडबडगीतासारखं यमक जुळवलं: मूर चौथ्या फेरीत पडणार. आणि चौथ्याच फेरीत पाडला. दुसरा अँड्र्यू लक, अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा, स्टॅनफर्डला वास्तुरचना शिकलेला. त्याला आडवं पाडणाऱ्या धिप्पाड खेळाडूला तो उठता उठता म्हणायचा, छान धडक मारलीस. 2014 मध्ये तिकडच्या पेपरांत यावर लिहून आलं. समोरचे गोंधळून जायचे म्हणे, याला आता काय उत्तर द्यायचं! एवढं शिकून त्यानं मैदानावर वापरलं काय, तर शेजाऱ्याला म्हणावं तसं साधं वाक्य. मला तर हा अलीपेक्षा डोकेबाज वाटतो. तुझं मत वेगळं असेल, तर रविवारी भांड.

तू म्हणशील, मग काय बाई, इतरांसारखं नुसतं 'हेऽऽ' करून ओरडू? सांगलीची परंपराच आहे ती. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये इथं नाटक उभं केलं तेव्हापासून राक्षस 'अललऽ डुर्रर्र' करतच रंगमंचावर यायचे. आपले निम्मे संघ अजून तसेच मैदानात येतात, त्यात भर घालायला तुझी गरज नाही. तुझ्याकडं शब्द आहेत, ते वापर. मधल्या रेघेवर घुटमळून वेळ काढणारीला सरळ विचार, "सीमाप्रश्न कधी सुटायचा?" हसू येईल, आणि तिलाही कळेल. (जतच्या पोरींसमोर मात्र जपून. 2022 मध्ये कर्नाटकानं त्यांच्या गावांवर हक्क सांगितल्यापासून त्यांना त्यात गंमत वाटत नाही.) आपल्याच पोरी बोनस गुण सोडून देतात तेव्हा 'दानशूर कर्ण' म्हण की. घरच्यांवर आधी चालवून बघ. ज्या शब्दावर आपली सदा गप्प राहणारी उजव्या कोपऱ्यातली पोरगीसुद्धा हसेल, तो बाहेर न्यायला हरकत नाही. पडलेलीला, रडणारीला, दुखापत झालेलीला काही नाही. आणि कुणी नळावर येऊन अर्थ विचारला तर खरा सांगता येईल, एवढाच शब्द तोंडातून काढ. मला नव्हता सांगता आला.

आणखी एक. बोलण्याच्या नादात परवा तुझा डावा पाय दोनदा बोनस रेषेच्या पुढं आला होता. टोमणा सुचला की तुझे गुडघे सरळ होतात, माझ्या वहीत वेळेसकट नोंद आहे. वाकलेली राहूनच बोलायला शीक, नाहीतर गप्प राहा.

त्या उंच मुलीच्या संघाशी पुढच्या आठवड्यात मिरजेत परत सामना आहे. सामन्याआधी आपण भेटू, तेव्हा तिच्याकडं जाऊन काय बोलायचं ते तू ठरव, मी मध्ये पडणार नाही. फक्त लक्षात ठेव, ती पाय टाकायच्या आधी डावा खांदा किंचित झुकवते. तेवढ्यात घोटा धरायचा, बाकीच्या हात धरून साखळी करतील याची वाट बघत बसू नको.

आणि येताना माझा स्टीलचा डबा आण. मागच्या खेपेपासून तुझ्याच पिशवीत आहे.

तुझी,
बाई