बाळाच्या शीमध्ये रक्ताच्या तारा दिसतात, अंगावरचं दूध बंद करू का?

प्रश्न : माझी मुलगी सात आठवड्यांची आहे, फक्त अंगावर पिते. गेले दहा दिवस तिच्या शीत शेंबडासारखा चिकट भाग आणि रक्ताच्या बारीक तारा दिसतात. ताप नाही, पिते छान, हसते. जन्माचं वजन २.८ किलो होतं, आता ४.२ आहे. माझा बाळंतिणीचा खुराक चालू आहे : दोन वेळा दूध, डिंकाचे लाडू, हळिवाची खीर. सासूबाई म्हणतात, "तुझं दूध तिला बाधतंय, शेळीचं चालू कर." काय करू?
– एक वाचक, मिरज

उत्तर : अंगावरचं दूध अजिबात बंद करू नका. आधी तिला बालरोगतज्ज्ञांना दाखवा. रक्त लागलेला लंगोट न धुता पिशवीत घालून न्या, तो बघून डॉक्टरांना बरंच कळतं. शीच्या जागी चीर पडलीय का, जंतुसंसर्ग आहे का, हेही ते तपासतील.

वजन असं वाढत असताना नुसत्या रक्ताच्या तारा दिसल्या, तर बहुतेक वेळा कारण गाई-म्हशीच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी हे असतं. तुम्ही पिता त्या दुधातला प्रथिनांचा अगदी थोडा अंश तुमच्या दुधात उतरतो. त्यानं बाळाच्या मोठ्या आतड्याचं अस्तर सुजतं आणि पाझरतं. बाधतं ते तुमच्या पेल्यातलं दूध, तुमचं नाही. शेळीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या दुधासारखीच असतात, त्यामुळे ते देऊन काही साधणार नाही.

माझा दवाखाना नवा होता तेव्हा अशाच एका आईला मी दूध तोडायला सांगितलं होतं. बाळ डब्याच्या पावडरवर गेलं आणि रक्त वाढलं, कारण डब्यातही गाईचंच दूध. चूक लक्षात येईपर्यंत त्या आईचा पान्हा आटला होता. तिचा चेहरा मला अजून आठवतो.

तारा अगदी थोड्या असतील, तर डॉक्टर काही दिवस नुसतं थांबायलाही सांगतील. पुष्कळदा रक्त आपोआप थांबतं. पथ्य ठरलंच, तर ते तुम्ही करायचं : दोन ते चार आठवडे दूध, दही, ताक, पनीर, खवा बंद. तेवढे दिवस तूपही नको, त्यात प्रथिनांचा अंश राहतो. बिस्किटांच्या पुड्यावर 'मिल्क सॉलिड्स' लिहिलंय का, तेही बघा. रक्त बहुधा तीन दिवसांपासून दोन आठवड्यांत थांबतं. मग दूध पुन्हा घेऊन बघायचं, ही पायरी टाळू नका. रक्त परत दिसलं, तरच निदान पक्कं. हे न करता वर्षभर उगाच पथ्यावर राहिलेल्या, हाडं दुखणाऱ्या आया मी पाहिल्यात. रक्ताच्या किंवा त्वचेच्या ॲलर्जी चाचण्यांवर पैसे घालवू नका, या प्रकारात त्या काही सांगत नाहीत.

पथ्य चालू असताना नाचणीची भाकरी, तिळाची चटणी रोज हवी. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. शिवाय डॉक्टरांना विचारून गोळीही घ्या. बहुतेक बाळांना वर्षाच्या आसपास दूध पचू लागतं.

बाळ मलूल झालं, पोट फुगलं, हिरवी उलटी झाली, वजन थांबलं किंवा शी लाल जेलीसारखी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पुढे वरचं खाणं सुरू कराल तेव्हा आणखी एक लक्षात असू द्या. एखादा पदार्थ भरवल्यावर एक ते चार तासांनी बाळ वारंवार ओकून पांढरंफटक, गळून गेलं, तर ती याच जातीची पण जोरकस ॲलर्जी असू शकते. तांदळाच्या पेजेनंही ती होऊ शकते. घरी थांबू नका, कारण अंगातलं पाणी फार झपाट्यानं कमी होतं.

सासूबाईंना म्हणावं, हळीव चालतील, खीर तेवढी नारळाच्या दुधात करा.