जर्मनीतल्या घरात हीट पंप पण आणि पाण्याची शेगडी पण, घ्यावं का असं घर?

ताई, तुम्ही रत्नागिरीहून विचारलंत की मिस्टरांची नोकरी दक्षिण जर्मनीत पक्की झालीय, तिथे एका खेड्यातलं जुनं घर घ्यायचं मनात आहे, त्यात हीट पंप आहे आणि हॉलमध्ये पाणी तापवणारी लाकडाची शेगडी पण, तर दोन्ही कशाला आणि एकत्र चालतात का. आम्ही अशाच घरात सहा हिवाळे काढलेत म्हणून जरा सविस्तर लिहितो. सध्या सुट्टीवर वेंगुर्ल्यात आलोय, पडवीत बसून टाइप करतोय आणि समोर आई पावसाच्या बेगमीची लाकडं रचून घेतेय. तिला हे सगळं सांगितलं तर म्हणाली, "दोन दोन चुली कशाक रे?" प्रश्न बरोबरच आहे.

ती शेगडी म्हणजे आपला न्हाणीतला बंबच समजा. मध्ये आग, भोवती पाणी. फरक इतकाच की पुढे काच असते आणि तापलेलं पाणी बादलीत न जाता पाइपातून तळघरातल्या टाकीत जातं. आमच्या बंबाला वर नरसाळं आहे, तांब्याभर गार पाणी ओतलं की ते नळीतून थेट तळाला जातं आणि वरचं कढत पाणी तोटीतून बाहेर पडतं. गरम वर, गार खाली. अख्खी सिस्टीम याच एका गोष्टीवर उभी आहे.

हीट पंप म्हणजे उलटा एसी. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतो. बाहेर ७ डिग्री असेल आणि पाणी फक्त ३५ पर्यंत तापवायचं असेल तर एक युनिट विजेत साधारण चार युनिट उष्णता देतो. तेच बाहेर उणे १० आणि जुने रेडिएटर (खोली गरम ठेवणारी, आतून गरम पाणी फिरणारी भिंतीवरची पॅनेल) ५५ चं पाणी मागताहेत असं झालं की कसाबसा दोनाच्या आसपास येतो, आणि तिकडे वीज स्वस्त नाही. म्हणजे पंपाला कोमट आवडतं आणि शेगडीला कढत, यांना थेट जोडलं तर भांडणच. म्हणून मध्ये टाकी लागते, तिला तिकडे पुफर म्हणतात. पंप खालच्या-मधल्या भागात काम करतो, शेगडी वरून भरते, आणि रेडिएटरला जाताना मिक्सिंग व्हॉल्व्ह हवं तेवढंच गरम सोडतो. शेगडी रात्रभर पेटवून टाकी तळापर्यंत कढत केलीत तर पंपाकडे परत जाणारंच पाणी गरम, मग तो हाय प्रेशरची एरर देऊन बंद पडतो. आमचा पहिल्या डिसेंबरात तीनदा पडला, आम्हाला वाटलं पंपच बिघडला. कंट्रोलरला सांगावं लागतं की शेगडी पेटलीय, तू गप्प बस.

हिशोबच सांगतो. आमची टाकी ८०० लिटरची. ३५ वरून ७५ वर न्यायला साधारण ३७ युनिट उष्णता लागते. वाळलेलं लाकूड किलोला चारेक युनिट देतं, त्यातलं ऐंशी टक्के कामी येतं आणि त्यातलंही सत्तरेक टक्केच पाण्यात जातं, बाकी हॉलमध्ये. म्हणजे १६-१७ किलो लाकूड आणि चारपाच तास शेगडीजवळ. फुकट काहीच नाही. म्हणून आम्ही ती फक्त कडाक्याच्या थंडीत पेटवतो, वर्षातले तीसचाळीस दिवस, जेव्हा पंप महागात पडतो. बाकी दिवस पंप एकटा बघून घेतो. टाकीचा ठोकताळा म्हणजे शेगडी पाण्याला जितके किलोवॅट देते त्या प्रत्येकाला निदान ५० लिटर.

आता ज्याने आमची झोप उडवली ते. पहिल्याच हिवाळ्यात शेगडी धडधडत असताना लाइट गेली (हो, तिकडेही जाते, क्वचित). शेगडीतलं पाणी टाकीकडे फिरवणारा पंप बंद, पाणी फिरेना, आतलं तापतच चाललं. यासाठी शेगडीला एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, ९५ डिग्रीच्या आसपास आपोआप उघडतो आणि नळाचं गार पाणी आतल्या कॉइलमधून फिरवून गटारात सोडतो. व्हॉल्व्हने काम चोख केलं, पण बसवणाऱ्याने त्याचा पाइप गटाराला जोडलाच नव्हता, सगळं पाणी तळघरात. पायजमा वर करून बादल्यांनी उपसलं, अगदी जुलैतल्या आमच्या मागीलदारासारखं. तेव्हा घर बघायला गेलात की तो पाइप कुठे जातो ते स्वतः बघा. आणि घराला विहिरीचं पाणी असेल तर विचारा, कारण लाइट गेली की विहिरीचा पंपही गेला, मग व्हॉल्व्ह उघडून उपयोग काय?

तसंच शेगडीत परत येणारं पाणी ५५-६० च्या खाली जाऊ नये म्हणून एक व्हॉल्व्ह असतो, तो नसेल तर धूर आतच गार होऊन डांबरासारखा चिकटा बसतो. लाकूड ओलं असलं तरी तेच. ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा, म्हणजे फोडून दीडदोन वर्षं हवेशीर रचलेलं, आपल्यासारखं एका उन्हाळ्यात वाळत नाही, आणि नारळाची सोडणं-करवंट्या तर विसराच. धुराडं साफ करणारा येतो तो तिकडे मोठा माणूस, शेगडी चालवायची की नाही हे तोच ठरवतो, सात वर्षांत दोनदा सगळी तपासणी करतो. शेगडीवरची पाटी बघा, १९९५ पासून मार्च २०१० पर्यंत मंजूर झालेल्या शेगड्यांना धुराची नवी मर्यादा ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत पाळायची होती, नाहीतर बंद. विकणारा हे आपणहून सांगेलच असं नाही.

आणि हे तुमच्याआमच्यासाठी खास. बांगडे तळताना हवा बाहेर फेकणारी किचनची चिमणी फुल लावली आणि शेगडी पेटलेली असेल तर ती शेगडीतला धूर घरात ओढते, त्यात कार्बन मोनॉक्साइड (सीओ) हा विषारी वायू. म्हणून खिडकी उघडल्याशिवाय चिमणी सुरूच होणार नाही असा स्विच लावतात. तो आहे का बघा, आणि सीओ अलार्म पहिल्या दिवशी घ्या.

बरं, दमट थंडीत पंपाच्या बाहेरच्या युनिटवर बर्फ धरतो, तो वितळवताना वाफेचे लोट निघतात. बायकोने पहिल्यांदा बघितलं तेव्हा आग लागली म्हणून ओरडत आली होती. नॉर्मल आहे ते.

माझं मत विचाराल तर सगळं आधीच नीट बसवलेलं असेल तर घ्या, पण चांगलं इन्सुलेशन असलेल्या घरात नव्याने पाण्याची शेगडी बसवायच्या फंदात पडू नका, साधी शेगडी पुरते. जमलं तर तळघरातल्या टाकीच्या स्टिकरचा आणि शेगडीच्या पाटीचा फोटो पाठवा, इथे गणपतीपर्यंत आहे, बघून सांगतो.