वाचक विचारतात : पद्मिनीचे ड्रम आणि गोव्याचा पाऊस

प्रश्न : काका, बाबांची १९७९ ची प्रीमियर पद्मिनी पावसाळाभर शेडमध्ये हँडब्रेक ओढून उभी होती. चतुर्थीला बाहेर काढायला गेलो तर मागची चाकं जाम. जोर लावल्यावर ‘खाट्’ आवाज होऊन सुटली, पण आता ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते. गॅरेजवाला म्हणतो, पुढे डिस्क ब्रेक बसवून टाका. बाबांना मूळ ड्रम ब्रेकच हवेत. काय करावं?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : बाबांचं ऐका. ही गाडी ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची भांडी, घेऊनच कारखान्यातून बाहेर पडली आणि ड्रम नीट असतील तर तिच्या वेगाला ते पुरतात. तुमच्या गाडीला त्रास झाला तो उभं राहिल्यामुळे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवा इतकी ओली की बिडाच्या ड्रमवर रात्रीत तांबूस गंज धरतो, आणि हँडब्रेक ओढलेला असला की लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारा थर, त्या गंजाला चिकटतो. ‘खाट्’ झालं ते हेच सुटणं. कधीकधी त्या ओढाताणीत लायनरच शूवरून (तो ज्यावर चिकटवलेला असतो त्या लोखंडी कमानीवरून) निघून येतो, म्हणून मागचे ड्रम उघडून बघितल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नका. पुढच्या वर्षी हँडब्रेक सोडा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे लावा.

आता ओढण्याबद्दल. गाडी डावीकडे ओढते म्हणजे बिघाड डाव्या चाकात, असं बहुतेक जण धरून चालतात. पण गाडी ओढते ती ज्या बाजूचा ब्रेक जास्त लागतो तिकडे. तेव्हा उजवा ब्रेक कमी लागत असेल, ही शक्यता आधी तपासा. उजव्या व्हील सिलिंडरचं (ब्रेक ऑइलच्या दाबाने शू ड्रमवर ढकलणाऱ्या नळकांड्याचं) रबरी बूट, म्हणजे टोपण, उचलून बघा. आत ओल दिसली की सिलिंडर गळतोय, आणि तेल प्यालेला लायनर कितीही घासला, भाजला तरी पुन्हा धरत नाही. तो बदलायचाच, आणि जोडीने, दोन्ही बाजूंचा. गळती नसेल तर चाकापर्यंत ब्रेक ऑइल नेणारा रबरी होस पाइप बघा. जुना होस बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून फुगून तेलाची वाट अडवतो.

ड्रम निघत नसेल तर अ‍ॅडजस्टर (शू ड्रमच्या जवळ-लांब सरकवणारा भाग) आधी सैल करा. कडेला गंजाची धार झालेली असते, तिथे शू अडकतो. कडेवर हातोडा मारू नका, बीड तडकतं. आतली धूळ हवेच्या पाइपने उडवण्याची आपल्या गॅरेजांतली सवय मात्र मला अजिबात पटत नाही. त्या काळच्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ते फुप्फुसात गेलं की बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

ड्रमला चर पडले असतील तर लेथवर टर्न करून, म्हणजे आतून कापून गुळगुळीत करून घ्या, पण ड्रमची कमाल व्यासाची मर्यादा ओलांडू नका, आणि एका बाजूचा जेवढा कापला तेवढाच दुसऱ्या बाजूचा. टर्न केलेल्या ड्रममध्ये शू फक्त मधोमध टेकतो. ड्रमला आतून खडू चोळा, शू लावून फिरवा. पांढरं कुठे उमटतं ते बघा आणि तेवढाच लायनर घासा. हे काम वेळखाऊ आहे, म्हणून कोणी करत नाही, आणि मग ‘ड्रम ब्रेक लागत नाहीत’ म्हणून बोंब होते.

ब्रेक ऑइलबद्दल मात्र आग्रहाने सांगतो. एकदा अनमोड घाटातून मोलेला उतरताना माझं पेडल मऊ होत होत तळाला टेकलं. गिअर खाली घेत, हँडब्रेकवर गाडी कशीबशी कडेला लावली. मुलं मागे बसली होती. तेल मी चार वर्षं बदललं नव्हतं. हे तेल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ (ब्रेक ऑइलची एक प्रत) चं नवं तेल २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की हाच आकडा १४० वर येऊ शकतो, आणि वाफ झाली की पेडलमध्ये काही उरत नाही. लक्षात ठेवा : पेडल कडक असून गाडी थांबत नसेल तर लायनर तापलेत, पेडल मऊ झालं तर तेल उकळलंय. दोन्ही वेळा थांबून ड्रम निवू द्या, पाणी ओतू नका. जुन्या गाडीत सहसा एकच ब्रेक सर्किट (चारही चाकांना तेल पुरवणारी एकच वाट) असतं, एक होस फुटला तर चारही चाकं गेली. म्हणून आपल्याकडे दरवर्षी, पाऊस सरल्यावर, सगळं तेल बदला.

प्रश्न : मग सिलिकॉनचं डॉट ५ तेल घातलं तर? ते पाणी शोषत नाही म्हणतात.
– एक वाचक, फोंडा

उत्तर : शोषत नाही हे खरं, पण आत शिरलेलं पाणी विरघळत नसल्याने ते तळाला साचून तिथेच गंज धरतं. शिवाय हे तेल जुन्या तेलात मिसळत नाही. सगळ्या पाइप, सिलिंडर आणि रबरं नवी टाकत असाल तरच विचार करा. एरवी डॉट ३ किंवा ४, ताज्या सीलबंद डब्यातलं. अर्धा उरलेला डबा पुढच्या वर्षासाठी ठेवू नका.