त्यांना कळायला नको का?

जानेवारीचा पहिला पंधरवडा आला की माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक वाक्य हमखास येतं. माणसं बदलतात, वाक्य तेच. "सांगून केलं तर त्यात काय राम? त्यांना आपणहून कळायला नको का?" होस्टेलवरची मुलगी हे मैत्रिणींबद्दल म्हणते, सासूबाई सुनेबद्दल, सून नवऱ्याबद्दल. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी तर चारही मुलांबद्दल हे म्हणताना माझ्या टेबलावर मूठ आपटली होती. पंचवीस वर्षांत हे इतक्यांदा ऐकलंय, की वाक्य सुरू झालं की शेवट मी मनातच पुरा करून टाकते. (ही सवय चांगली नाही. आमच्या धंद्यात तर नाहीच.)

या वाक्याला काय म्हणायचं, हे मला एका विणकाम करणाऱ्या बाईंनी शिकवलं. त्यांना विचारूनच लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. माझ्या वहीत त्यांची नोंद 'लोकरताई' अशी आहे, तीच इथे ठेवते.

लोकरताई नाशिकच्या, पंचावन्नच्या पुढच्या, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या. पहिल्या दिवशी आल्या त्या कापडी पिशवी घेऊन. बसल्या बसल्या विचारलं, "मॅडम, हात चालू राहिला तर चालेल का?" आणि माझ्या होकाराची वाट न पाहता सुया बाहेर. मी चालू दिलं. भाजी निवडताना बायका जे बोलून जातात ते समोरासमोर बसवून विचारलं तर बोलणार नाहीत, हे मी आजोळच्या ओटीवर शिकले आहे, कुठल्या अभ्यासक्रमात नाही.

त्यांचा दिवस मला पाठ झाला होता. सकाळी डबे, पूजा, नातीची शाळेची बस. दुपारी दोन ते पाच गॅलरीतल्या उन्हात विणकाम. बाराच्या सुयांवर एक सुलट एक उलट अशी बॉर्डर, मग दहाच्या सुयांवर अंग. महिन्याला एक-दोन बाळंतविडे ठरलेले: टोपरं, झबलं, मोजे, दुपटं. निफाडचा पारा पाच-सहावर उतरल्याची बातमी पेपरात आली, की ओळखीपाळखीच्या लोकांच्या मागण्या सुरू. घरात मात्र मुलगा ऑनलाइन मागवलेलं जाकीट घालतो आणि नात शरणपूर रोडवरच्या तिबेटी मार्केटातली टोपीवाली हुडी. याबद्दल ताईंची तक्रार नव्हती. निदान त्या तसं म्हणायच्या.

तक्रार वाढदिवसाची होती. त्यांच्या पिढीतल्या पुष्कळांचे असतात तसे त्यांचेही वाढदिवस दोन. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेला १ जून, आणि खरा २७ डिसेंबर. बँकेत १ जूनला एकाच केकवर सहा जणांची नावं असायची, त्यातलं एक यांचं. आधारकार्डावर १ जून, मोबाइलवरच्या शुभेच्छा १ जूनला, मुलाचं स्टेटसही १ जूनला. खरा दिवस नाताळच्या सुट्टीत सापडलेला. लहानपणी वर्गात गोळ्या वाटायचं सुख नाही, लग्नानंतर घर पाहुण्यांनी भरलेलं किंवा सहलीला गेलेलं. तो दिवस फक्त आई पाळायची, तोही तिथीने, दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी. आदल्या दिवशीचा सुंठवडा पुडीत राखून ठेवायचा, लेकीला पाटावर बसवून औक्षण करायचं आणि गव्हल्यांची खीर. लग्नानंतर त्या सकाळी सातला आईचा फोन यायचा. तो फोन वाजला की यजमानांनाही आठवायचं.

आई गेली. त्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे २०२३ला, दत्तजयंती २६ डिसेंबरला आली. ताईंनी जानेवारीतच भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटून पाहिलं होतं: दुसऱ्या दिवशी सत्तावीस. तिथी आणि तारीख एकाच दिवशी! त्यांना ते फार शुभ वाटलं. आणि त्यांनी ते कुणालाही सांगितलं नाही. घरच्यांनी त्याच आठवड्यात तारकर्लीचं ठरवलं. ताईंनी पाठदुखीचं कारण काढलं, "तुम्ही जाऊन या" म्हणाल्या, आणि कुणीतरी "अगं पण सत्तावीसला तुझा…" म्हणेल म्हणून वाट पाहिली. कुणी म्हणालं नाही. नात आजोबांशिवाय गाडीत बसेना, म्हणून यजमानही गेले.

सत्तावीसला दुपारी ताईंनी मुलासाठी विणलेला स्वेटर कपाटातून काढला. सहाशे ग्रॅम लोकर, महिनाभराचं काम, एकदाच घातलेला. शिवण उकलली, टोक शोधलं आणि ओढायला सुरुवात केली. त्या सांगत होत्या, "बंद केलेल्या टाक्यांपासून धागा सुटला ना, की सुरसुर सुरसुर येतो मॅडम. विणायला महिना, उसवायला दीड तास." खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी केल्या, कोमट पाण्यात धुतल्या आणि गॅलरीतल्या दांडीवर टाकून खाली वजन म्हणून खलबत्त्यातला बत्ता लटकवला. उसवलेल्या लोकरीला विणीच्या वळ्या राहतात, त्या अशा वजनाने जातात. दोन दिवसांनी मंडळी मालवणी खाजं घेऊन परतली. मुलाने दांडीवरच्या लडी पाहिल्या आणि विचारलं, "वा! आता नवीन काय विणतेयस?"

त्यानंतर आठवड्याने ताई माझ्यासमोर होत्या.

झोप, भूक, औषधं हे आधी विचारून घेतलं. ते ठीक होतं. मग मी माझं नेहमीचं हत्यार काढलं. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वळणाची. १९५५च्या सुमारास त्याने मांडलेली आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवलेली विवेकनिष्ठ पद्धत मला अजूनही सगळ्यात सरळ वाटते. आपल्याला दुःख देते ती इच्छा नव्हे, इच्छेचा झालेला हट्ट. इंग्रजीत त्यासाठी अख्खा शब्द लागतो, मराठीत एका अक्षरात काम होतं: च. 'कळलं तर बरं' आणि 'कळायलाच हवं' यांत फरक फक्त त्या 'च'चा. हे मी ताईंना छान समजावून सांगितलं. मला वाटतं, जरा जास्तच छान. त्या मान डोलावत राहिल्या, टाके मोजत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "पटतं हो मॅडम. पण त्यांना कळायलाच हवं होतं."

एकदा यजमानांना बोलावलं. साधा माणूस. म्हणाले, "ती दर वर्षी म्हणते, मला काही नको. मी तिच्या शब्दाला मान दिला. चुकलं कुठे?" ताई सुयांवरून नजर न उचलता म्हणाल्या, "बघा."

खरं काय ते फेब्रुवारीत घडलं, आणि त्यात माझं कौशल्य कमी, थंडी जास्त. माझ्या खोलीत ऊन येत नाही. शाल घट्ट करत मी सहज म्हटलं, "ताई, माझ्यासाठीही एक विणा ना." त्या क्षणी समोरची दुखावलेली बाई गेली आणि कारागीर आली. पिशवीतून टेप निघाली. छाती घेतली, खांदा घेतला. "साडीवर घालणार की कुर्त्यावर? साडीवर असेल तर लांबी कमरेइतकीच, नाहीतर निऱ्यांवर चढतो. बटणं पुढे की डोक्यातून? गळा व्ही करू? लोकर टोचते का तुम्हाला? रंग मळखाऊ हवा का? तुम्ही लिहिता, बाही मनगटाच्या जरा वर ठेवू की पुरती?"

मी हसून म्हटलं, "अहो, तुम्ही एवढ्या अनुभवी. तुम्हाला जे वाटेल ते करा."

टेप थांबली. "असं नका म्हणू मॅडम. असं म्हणणाऱ्यांचेच स्वेटर परत येतात."

मी गप्प बसले. बोलावंसं वाटत असताना गप्प बसणं ही माझी या धंद्यातली खरी कमाई आहे. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येण्याइतका वेळ गेला. मग विचारलं, "तारकर्लीचं ठरत होतं तेव्हा तुम्ही घरात काय म्हणाला होतात?"

"काय म्हणणार? म्हटलं, तुम्हाला जे वाटेल…"

वाक्य तिथेच राहिलं. त्यांनी टेप गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "मी माप दिलंच नाही हो," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने, "आणि वर घट्ट झाला म्हणून उसवून टाकला."

त्या दिवशी मी पुढचं काही विचारलं नाही. चहा मागवला.

अशा क्षणी आपण जिंकलो असं वाटतं, पण ती अर्धीच वाट असते. कारण माप न देण्यालाही कारण असतं. ते तीन भेटींनी बाहेर आलं: "मागितलं आणि नाही म्हणाले तर?" न सांगता दिवस विसरला गेला तर 'विसरले' म्हणता येतं. सांगूनही कुणी थांबलं नाही, तर मग काय म्हणायचं? गप्प राहण्यात अपमानाची भीती तरी नाही. माझ्याकडे येणाऱ्या किती जणांचा मानीपणा असा आतून भित्रा असतो! मी स्वतःला त्यातून वगळत नाही.

आणि त्याच्याही तळाशी आई होती. न सांगता कळणारं एक माणूस ताईंना मिळालं होतं, आणि तसं कळणं हाच प्रेमाचा मापदंड ठरला होता. पण आईला तरी न सांगता कसं कळायचं? ताईंच्या जन्माच्या वेळी ती हजर होती! हे मी म्हटलं तेव्हा त्या पहिल्यांदा मोठ्याने हसल्या, आणि हसता हसता रडल्या. आईसाठीचं राहिलेलं रडणं होतं ते. मुलावरचा राग त्यानंतर बराच उतरला.

मग आम्ही वाक्यावर काम केलं. खरंच, एका वाक्यावर. पहिला खर्डा होता: "या वर्षी तरी कुणाच्या लक्षात राहिलं तर बरं." मी म्हटलं, हा टोमणा झाला, यात माप नाही. दुसरा: "माझं काय, पण लोक काय म्हणतील." हे तर लोकांच्या आडून बोलणं. तिसरा बरा होता: "२७ डिसेंबर हा माझा खरा वाढदिवस. त्या संध्याकाळी सगळ्यांनी घरी असावं अशी माझी इच्छा आहे. औक्षण आणि गव्हल्यांची खीर करू. बाकी काही नको." मी शेवटचे तीन शब्द खोडले. ते कुठून ना कुठून परत शिरतातच.

सांगायचं कधी, यालाही महत्त्व आहे. रुसवा डिसेंबरात फुटतो आणि बेत त्याच्या कितीतरी आधी ठरलेले असतात. त्या वेळी रेल्वेचं आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं, म्हणजे नाताळच्या सुट्टीची तिकिटं ऑगस्टअखेरीलाच. नोव्हेंबर २०२४पासून ते ६० दिवसांवर आलं आहे. मी गमतीने सांगते, इच्छा आरक्षण खिडकीच्या आधी बोला. तिकिटं निघाल्यावर बोललेली इच्छा दुसऱ्याच्या कानाला आरोपासारखी लागते. आणि इच्छा बोलून झाली की समोरच्याचा 'नाही' म्हणण्याचा हक्कही तिथेच मान्य करायचा. हे अवघड आहे. स्वेटरचं माप दिलं म्हणून तो हवा त्याच दिवशी मिळेल असं नाही, हे ताईंइतकं कुणाला ठाऊक?

तर १ जूनला शुभेच्छा आल्या, तेव्हा ताईंनी उत्तरात लिहिलं: "हा गुरुजींनी दिलेला. खरा २७ डिसेंबर." मुलाचा फोन लगेच आला, "आई, हे मला माहीतच नव्हतं!" ताई मला म्हणाल्या, "माहीत होतं हो त्याला, आजीचा फोन यायचा की." मग स्वतःच, "असू दे."

वाक्य त्यांनी गणपतीत सगळे जमले असताना म्हटलं. सून म्हणाली, नाताळात माहेरी जायचं ठरलंय, पण सत्तावीसला संध्याकाळपर्यंत येतो. १४ डिसेंबरला दत्तजयंती झाली, त्या दिवशी ताईंनी आईच्या फोटोपुढे सुंठवडा ठेवला. सत्तावीसला मुलगा-सून कसारा घाटातल्या गर्दीत अडकले आणि रात्री साडेनऊला पोचले. औक्षण यजमानांनी करायचं ठरवलं होतं; निरांजन दोनदा विझलं, तिसऱ्यांदा नातीने हाताचा आडोसा धरला. खीर गार झाली होती. "राग आला का?" मी विचारलं. "आला ना! पण उसवण्याइतका नाही."

मला स्वेटर मार्चमध्येच मिळाला होता, थंडी संपल्यावर. राखाडी, व्ही गळा, पुढे पाच बटणं, अजिबात टोचत नाही. यंदा रोज घालते. बाही मात्र दोन बोटं लांब झाली आहे, लिहिताना दुमडून घ्यावी लागते. बाहीचं त्यांनी विचारलं होतं, आणि मी त्या गडबडीत उत्तर दिलंच नव्हतं. ताई भेटल्या की विचारतात, "बसतो ना नीट?"

मी म्हणते, "अगदी मापात!"