६२ मार्कांना सी ग्रेड, आणि नियम सेमिस्टरच्या मधेच बदललेला

प्रश्न थोडक्यात असा. पत्र लिहिणारी मुलगी ऑटोनॉमस (म्हणजे परीक्षा आणि मूल्यमापन स्वतः करणाऱ्या) इंजिनिअरिंग कॉलेजात थर्ड इयरला, कॉम्प्युटरला आहे. पाचव्या सेमिस्टरच्या सुरुवातीला मिळालेल्या हँडआउटमध्ये ६० ते ६९ मार्कांना बी प्लस असं छापलेलं होतं. आठव्या आठवड्यात नोटीस लागली की यंदापासून रिलेटिव्ह ग्रेडिंग, म्हणजे वर्गातल्या बाकीच्यांच्या मार्कांशी तुलना करून ग्रेड. एका चार क्रेडिटच्या (क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन) विषयात तिला ६२ पडले, ग्रेड आली सी. सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या ग्रेडची मिळून सरासरी, ६.४७ झाला आणि कॅम्पसला येणाऱ्या कंपनीची अट ६.५ ची. वर इंटर्नलमध्ये एका असाइनमेंटचे ४ मार्क चढलेलेच नाहीत असं ती म्हणते, पोर्टलवर मात्र वेळेत सबमिट केल्याचं दिसतंय. ती विचारतेय, "मॅडम, बाबा म्हणतायत वकिलाची नोटीस पाठवू, मैत्रीण म्हणते कन्झ्युमर कोर्टात जा. नक्की काय करू?"

सगळ्यात आधी मैत्रिणीचं निकाली काढूया. कन्झ्युमर कोर्टात जाऊ नकोस. परीक्षा घेणं, पेपर तपासणं, निकाल लावणं ही ग्राहक कायद्यातली 'सेवा' नाही हे सुप्रीम कोर्टाने २००९ मध्येच बिहारच्या परीक्षा बोर्डाच्या केसमध्ये सांगितलंय, त्यामुळे तिथे वर्ष घालवून हातात काही येणार नाही. बाबांच्या नोटिशीकडे शेवटी येते.

आता ग्रेडचं. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) १० पॉइंटची स्केल तुला माहीतच असेल, ओ म्हणजे १०, ए प्लस ९, मग ए, बी प्लस, बी, सी आणि पी ला ४, एफ ला शून्य. पण किती मार्कांना कुठली ग्रेड द्यायची हे कॉलेज ठरवतं, आणि अ‍ॅब्सोल्यूट (ठरलेल्या मार्कांना ठरलेली ग्रेड) किंवा रिलेटिव्ह दोन्ही पद्धती यूजीसीला चालतात. म्हणजे "रिलेटिव्ह ग्रेडिंग बेकायदेशीर आहे" असं अर्जात लिहिलंस तर पहिल्याच वाक्यात हरलीस. तुझ्या सरांनी सांगितल्याप्रमाणे वर्गाचं अ‍ॅव्हरेज ७१ होतं, ६३ ते ७० बी, त्याच्या खाली सी. सगळा वर्ग हुशार निघाला की ६२ वाला खाली ढकलला जातो, ती पद्धतच तशी आहे, वाईट वाटलं तरी.

मुद्दा आहे तो तारखेचा. ऑटोनॉमस कॉलेजात मूल्यमापनाचे नियम अ‍ॅकॅडमिक कौन्सिलमधून (कॉलेजचं अभ्यास आणि परीक्षांचे नियम ठरवणारं मंडळ) मंजूर व्हावे लागतात, एचओडीच्या सहीची नोटीस म्हणजे नियम नव्हे. मग बदल कौन्सिलने कधी मंजूर केला, आणि तो चालू सेमिस्टरला लागू करायचा असं ठरावात लिहिलंय का, हे मिनिट्समध्ये, म्हणजे बैठकीच्या इतिवृत्तात, बघायला पाहिजे. माझा अंदाज विचारशील तर ठराव असेलच, पण पुढच्या वर्षापासूनचा असेल, आणि कुणीतरी घाई केली असेल. खेळ सुरू झाल्यावर नियम बदलू नयेत हे तत्त्व सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा उचलून धरलं, पण ती केस नोकरभरतीची होती, परीक्षेची नव्हे, तेव्हा आधार म्हणून ठीक, हुकमी एक्का समजू नकोस.

आणि आता मी जे करून बघितलं ते सांगते, कारण तुझ्या पत्रात सगळे आकडे होते आणि मला राहवलं नाही. तुझे आत्तापर्यंतचे क्रेडिट १०४, क्रेडिट पॉइंट (प्रत्येक विषयाचा ग्रेड पॉइंट गुणिले क्रेडिट, सगळ्यांची बेरीज) ६७३, भागाकार ६.४७. जुन्या नियमाने या विषयात बी प्लस धरली तर सीच्या ५ ऐवजी ७, चार क्रेडिट म्हणजे ८ पॉइंट वाढले, ६८१ भागिले १०४ म्हणजे ६.५५. झालं ना काम? पण थांब. रिलेटिव्ह ग्रेडिंग तसंच राहू दे आणि फक्त ते हरवलेले ४ मार्क चढव. ६६ झाले, ग्रेड बी, पॉइंट ६७७, सीजीपीए ६.५१. कंपनीची अट तिथेच पार! म्हणजे कॉलेजचं अख्खं धोरण पाडायची तुला गरजच नाहीये, एका असाइनमेंटची एंट्री दुरुस्त झाली तरी पुरे. (हां, वर्गात अजून बऱ्याच जणांचे मार्क असेच राहिले असतील तर अ‍ॅव्हरेज वर सरकेल आणि कटऑफही हलेल, म्हणून आसपास विचारून ठेव.)

म्हणून अर्जात पहिला मुद्दा हे ४ मार्क, दुसरा तारखेचा. उलटा क्रम लावू नको, नाहीतर कॉलेजवाले धोरणावर तासभर भाषण करतील आणि तुझी असाइनमेंट राहील बाजूला. कंट्रोलर ऑफ एक्झामिनेशनच्या नावाने साधं एक पानी पत्र, सोबत पोर्टलवरच्या सबमिशनची वेळ, आणि इनवर्डला (पत्र स्वीकारणाऱ्या टेबलावर) देऊन दुसऱ्या कॉपीवर शिक्का घे. तोंडी "बघतो हं" वर समाधान मानू नकोस. उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागायची मुदत चुकवायची नाही, ती मोजक्या दिवसांची असते. रिव्हॅल्युएशनचा फॉर्म मात्र भरायच्या आधी कॉलेजचा नियम वाच, मार्क कमी झाले तर काय हे त्यात लिहिलेलं असतं.

तिथे काम झालं नाही तर यूजीसीच्या २०२३ च्या विद्यार्थी तक्रार निवारण नियमांखाली प्रत्येक संस्थेत समिती असायला हवी, तिच्याकडे जा. तिने शक्यतो १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत लोकपालाकडे (याच नियमांखाली विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेला, सरकारी भ्रष्टाचारवाला लोकपाल नव्हे) अपील. आणि इथेच बहुतेक मुलं फसतात. "पेपर कडक तपासला, मार्क वाढवून द्या" असा अर्ज लोकपाल घेत नाहीत, निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवावा लागतो. तुझ्याकडे ठोस गोष्टी दोन आहेत, त्यामुळे अर्जात "अन्याय", "करिअर बरबाद" असले शब्द न टाकता तारखा आणि आकडे टाक.

आरटीआयचं पण तू विचारलंयस. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघण्याचा हक्क सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच मान्य केलाय, सीबीएसईच्या केसमध्ये, परीक्षकाचं नाव तेवढं मिळत नाही. पण तुझं कॉलेज विनाअनुदानित आहे, ते "आम्हाला आरटीआय लागू नाही" म्हणतील. भांडत बसू नकोस, अर्ज विद्यापीठाच्या माहिती अधिकाऱ्याकडे टाक. खासगी संस्थेकडून जी माहिती विद्यापीठ कायद्याने मागवू शकतं ती या कायद्याखाली मागता येते, आणि डिग्री विद्यापीठाचीच असल्याने ग्रेडिंगच्या बदलाचे कागद तिथे असण्याची शक्यता आहे. १० रुपये फी, ३० दिवस. कौन्सिलच्या मिनिट्ससाठी हाच रस्ता, ४ मार्कांसाठी नाही, तेवढा वेळ तुझ्याकडे नाहीये.

हायकोर्ट? रिट (नियम मोडल्याबद्दल हायकोर्टात करायची याचिका) करता येते, पण कोर्ट पेपर पुन्हा तपासायला बसत नाही, नियम पाळला की नाही एवढंच बघतं. समिती आणि लोकपाल न करता गेलीस तर पहिला प्रश्न तोच येईल. आणि बाबांना सांग, नोटीस पाठवली की फाइल कॉलेजच्या वकिलाकडे जाते आणि मग क्लार्क पाच मिनिटांत करणारी दुरुस्तीसुद्धा कुणी करत नाही, सगळे हात वर करतात. मी वकील असून हे सांगतेय, नोटिशीचे पैसे मलाच मिळतात.

प्लेसमेंट ऑफिसला आजच मेल कर की या विषयाच्या मार्कांबद्दल तक्रार प्रलंबित आहे, इनवर्डची कॉपी जोड आणि नाव तात्पुरतं यादीत ठेवायची विनंती कर. ऐकतीलच असं नाही, पण मेल रेकॉर्डला राहतो. आणि पोर्टलवरचा तो सबमिशनचा स्क्रीनशॉट, तारीख आणि वेळ दिसेल असा, आज रात्रीच काढून ठेव. सेमिस्टर संपलं की बरीच कॉलेजं कोर्सचं पेज बंद करतात.