तिकिटावर साडेसहा तास, प्रवास सोळा तासांचा?

प्रश्न : लेकीच्या बाळंतपणासाठी ऑक्टोबरात मुंबईहून न्यूयॉर्कला निघाले आहे. तिकिटावर लिहिलंय, रात्री १ ला सुटणार, त्याच दिवशी सकाळी ७.३० ला पोहोचणार. जावई म्हणतात सोळा तास लागतील. जानेवारीत परत येताना दुपारी १२ ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १ ला मुंबई. हा हिशेब काही केल्या जुळत नाही. अंतर तर दोन्ही वेळा तेच ना?
— एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, जावयांचं बरोबर आहे. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. ऑक्टोबरात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. साडेसहात साडेनऊ मिळवा, झाले सोळा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात, म्हणून जानेवारीत फरक साडेदहाचा. येताना घड्याळ पंचवीस तास दाखवतं. त्यातून साडेदहा गेले की उरतात साडेचौदा.

मग जाताना दीड तास जास्त का? वाऱ्यामुळे. माझी सगळी नोकरी विमानांचे मार्ग आखण्यात गेली. ड्युटीवर आलं की आधी पस्तीस हजार फुटांवरच्या वाऱ्यांचा तक्ता उघडायचा, बाकी सगळं नंतर. त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा वेगवान वारा वाहतो, हिवाळ्यात फारच जोरात. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरा आणि वारा सरासरी फक्त ५० चा. साडेबारा हजार किलोमीटरला समोरून वारा असेल तर पावणेपंधरा तास, पाठीमागून असेल तर सव्वातेरा. धावपट्टीपर्यंतची रांग आणि वळसे वेगळेच. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून पाच तासांच्या आत लंडनला पोहोचलं होतं!

अंतराचं म्हणाल, तर नातवंडांचा पृथ्वीगोल घ्या आणि मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून धरा. तो अरबी समुद्रावरून सरळ पश्चिमेला जाणार नाही. पाकिस्तान, अफगाणिस्तान, कझाकस्तान, रशिया, फिनलंड, मग आइसलंडच्या बाजूने ग्रीनलंडच्या टोकावरून कॅनडात उतरेल. हेच सर्वांत कमी अंतर, सुमारे १२,५५० किलोमीटर. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात पट्टी ठेवून काढलेली सरळ रेघ प्रत्यक्षात सुमारे १४,२०० भरते.

पण दोऱ्यावरून उडायची मुभा प्रत्येकाला नसते. रशियाचं आकाश २०२२ पासून अमेरिकी आणि बहुतेक युरोपीय कंपन्यांना बंद झालं, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. भारतीय विमानाला मग आखाताकडून वळसा, म्हणजे जास्त इंधन आणि जास्त वेळ. बंदी राजकारणाची आणि भुर्दंड तुमच्यासारख्या प्रवाशांना, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी वेळ पुन्हा तपासा.

आणि एक. रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर त्या सोळा तासांत कधी घ्यायच्या आणि तिथे पोहोचल्यावर वेळ कशी बदलायची, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. तो कागद आणि गोळ्या हातातल्या पर्समध्येच ठेवा, मोठ्या बॅगेत नको. दर दोनेक तासांनी उठून चार पावलं चाला. आईलची, म्हणजे मधल्या वाटेकडची सीट मागितलीत तर शेजाऱ्याला उठवावं लागणार नाही.